थकलेले गृहकर्ज आणि घरावरची जप्ती

वृत्तपत्राच्या आतल्या पानांवर, निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक टायपात छापलेली एक सूचना नेहमी आढळते. ‘ज्याअर्थी’ने सुरू होऊन ‘त्याअर्थी’वर विसावणारे तिचे वाक्य इतके लांब असते, की बहुतेक वाचक ते मध्येच सोडून देतात. मात्र त्या वाक्यात कर्जदाराचे नाव, सदनिकेचा क्रमांक, मजला, इमारतीचा पत्ता, चतुःसीमा आणि थकबाकीचा पैशापर्यंतचा आकडा असतो. अनेकदा इमारतीतील शेजाऱ्यांना बातमी कळते ती या जाहिरातीतूनच. मथळा असतो ‘ताबा सूचना’. तोपर्यंत त्या घराच्या मालकाचे निम्मेअधिक उपाय हातचे गेलेले असतात आणि हे त्याला ठाऊक नसते.

इंग्रजीत या साऱ्या प्रक्रियेला ‘फोरक्लोजर’ म्हणतात. आपल्याकडे या शब्दाने चांगलाच घोळ घातला आहे. बँकेच्या काउंटरवर ‘फोरक्लोजर’ म्हणजे कर्जाची मुदतीपूर्वी पूर्ण फेड, म्हणजे आनंदाची गोष्ट. (तरत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर अशा फेडीसाठी शुल्क आकारता येत नाही.) मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये मात्र हाच शब्द, गहाण सोडवून घेण्याचा ऋणकोचा हक्क न्यायालयाच्या हुकूमनाम्याने कायमचा बंद करणे, या अर्थाने येतो. आज बँका घरे ताब्यात घेऊन विकतात ती या दोन्हींपैकी कोणत्याच वाटेने नव्हे, तर २००२ च्या एका स्वतंत्र कायद्याने.

त्यापूर्वीची वाट लांबची होती. धनकोने दिवाणी न्यायालयात दावा लावायचा, मग प्राथमिक हुकूमनामा, ऋणकोला पैसे भरण्यासाठी मुदत, नंतर अंतिम हुकूमनामा, आणि त्यानंतर विक्री. यात वर्षे जात. न्यायालयाशिवाय गहाण मालमत्ता विकण्याची मुभा १८८२ च्या कायद्यातही होती, पण ती काही ठरावीक प्रकारच्या गहाणांपुरती; मुंबई, कलकत्ता, मद्रास ही शहरे त्या अपवादांपैकी एक. महाराष्ट्राला न्यायालयाच्या या मध्यस्थीचे महत्त्व फार पूर्वी कळले होते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि तो वणवा नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. खतावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मागचा सारा हिशेब तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. २००२ चा कायदा नेमका उलट्या दिशेने गेला. तेथे न्यायालय शेवटी येते, आणि तेही कर्जदाराने दार ठोठावले तरच.

वित्तीय मालमत्तांचे प्रतिभूतीकरण व पुनर्रचना आणि प्रतिभूती हितसंबंधांची अंमलबजावणी अधिनियम, २००२ असे या कायद्याचे लांबलचक नाव. बँकांत आणि न्यायाधिकरणांत तो ‘सरफेसी’ या इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखला जातो. नरसिंहम समिती आणि अंध्यारुजिना समिती यांच्या शिफारशींनंतर २१ जून २००२ रोजी तो प्रथम वटहुकूम म्हणून आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. डोळ्यांसमोर होते ते कोट्यवधींची कर्जे बुडवून कारखान्यांना टाळे लावणारे उद्योजक. परंतु कायद्याच्या शब्दांत मोठा-लहान असा भेद फारसा नाही. नोकरी गेलेला लिपिक, कर्ता पुरुष गमावलेले कुटुंब आणि हेतुपुरस्सर पैसे बुडविणारा कारखानदार या तिघांनाही एकाच नमुन्यातली नोटीस जाते.

नव्वद दिवसांचा हिशेब

घरासाठी कर्ज घेताना बहुतेक ठिकाणी घराची मूळ कागदपत्रे बँकेकडे ठेवली जातात. हक्कलेख ठेवून केलेले हे गहाण असते. वेगळे गहाणखत केलेले नसले तरी गहाण पूर्णपणे वैध. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते, आणि २०११ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय नोंदवहीतही त्याची नोंद होते.

हप्ता चुकला की खाते लगेच बुडीत ठरत नाही. पहिल्या ३० दिवसांपर्यंत, मग ६० पर्यंत आणि नंतर ९० पर्यंत अशा तीन पायऱ्यांवर ते ‘विशेष उल्लेखाचे खाते’ म्हणून बँकेच्या नोंदीत राहते. सलग ९० दिवस थकबाकी राहिली की ते अनुत्पादक ठरते. मोजणी कशी होते हे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात उदाहरण देऊन सांगितले आहे. ३१ मार्चला देय असलेली रक्कम भरली नाही, तर ते खाते २९ जूनला दिवसअखेर अनुत्पादक होते. महिने मोजायचे नाहीत, दिवस मोजायचे.

अनेक कुटुंबांची चूक होते ती येथे. तीन हप्ते थकले असताना एक हप्ता भरला की संकट टळले, असा समज असतो. खाते एकदा अनुत्पादक ठरले, की मुद्दल आणि व्याज यांची सगळी थकबाकी भरल्याखेरीज ते पुन्हा नियमित होत नाही, असेही त्याच परिपत्रकाने स्पष्ट केले. म्हणून ८० व्या दिवशी भरलेल्या एका हप्त्याची किंमत ९५ व्या दिवशी भरलेल्या हप्त्यापेक्षा कितीतरी अधिक असते. अडचण तात्पुरती असेल, तर हप्ता कमी करून मुदत वाढविणे किंवा कर्जाची पुनर्बांधणी यांविषयी बोलायची वेळ हीच. बँकेच्या शाखेत जाण्याची लाज वाटते म्हणून जे महिने दवडले जातात, ते पुढे कोणताही वकील परत आणून देऊ शकत नाही.

आणखी एक हिशेब कर्जदाराला धक्का देतो. तीस लाख रुपयांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये व्याजातच जातात. पाच वर्षे न चुकता हप्ते भरले तर १५ लाख ६२ हजार रुपये दिलेले असतात, पण मुद्दल उरते सुमारे २६ लाख ४४ हजार. ‘निम्मे कर्ज फेडले’ असे ज्याला मनोमन वाटत असते त्याच्या हाती नोटीस पडते, तेव्हा तिच्यातला आकडा त्याला खोटाच वाटतो. क्वचित तो चुकलेला असतोही. पण बहुधा तो असाच तयार झालेला असतो. दंडाची रक्कम मात्र तपासून पाहावी. १ एप्रिल २०२४ पासून नियम असा, की हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही. तो वेगळा आकार म्हणून लावावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढत नाही.

साठ दिवसांची नोटीस

खाते अनुत्पादक झाल्यावर बँक कलम १३(२) खाली मागणी नोटीस देते. या नोटिशीत केवळ थकलेले हप्ते मागितलेले नसतात, तर संपूर्ण कर्ज एकरकमी मागितलेले असते आणि त्यासाठी ६० दिवस दिलेले असतात. किती रक्कम येणे आहे आणि कोणत्या मालमत्तेवर कारवाई होणार आहे, याचा तपशील तीत असावाच लागतो. टपाल न घेता परत पाठविल्याने काही साधत नाही. नोटीस बजावणे टाळले जात आहे असे दिसले, तर ती दारावर चिकटवता येते आणि दोन वृत्तपत्रांत छापता येते. नोटीस मिळाल्यापासून ते घर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता किंवा भाड्याने देता येत नाही. जामीनदारही निर्धास्त नसतो. घर विकले जाण्याची वाट न पाहता थेट त्याच्यावर कारवाई करण्याची मुभा कायद्याने बँकेला दिली आहे.

या ६० दिवसांत कर्जदाराच्या हातात एक साधे पण मोलाचे साधन असते, ते म्हणजे लेखी हरकत. रक्कम चुकीची आहे, भरलेले हप्ते जमा दाखविलेले नाहीत, खाते नव्वद दिवसांपूर्वीच अनुत्पादक ठरविले, आजारपणामुळे थोडी मुदत हवी आहे, जे असेल ते लिहून द्यावे आणि पोच घ्यावी. अशा हरकतीला बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे बंधनकारक आहे. मूळ कायद्यात ही तरतूद नव्हती. मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात ८ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. पण न्यायाधिकरणाकडे दाद मागण्यासाठी मागणीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरण्याची अट रद्द केली आणि कर्जदाराचे म्हणणे ऐकून त्याला कारणे कळविण्याचा आग्रह धरला. हरकतीचे कलम त्यातून आले. ते कर्जदाराच्या बाजूचे आहे, आणि तरीही सर्वात कमी वापरले जाते. बहुतेक घरांत ती नोटीस कपाटात ठेवली जाते, बायकोलाही दाखवली जात नाही.

एकरकमी तडजोड हाही मार्ग याच टप्प्यावर निघतो. परंतु तडजोड हा हक्क नव्हे. बँकेला ती करायला लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले आहे. वसुली प्रतिनिधींच्या बाबतीत मात्र नियम कर्जदाराच्या बाजूने आहेत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी वसुलीसाठी फोन करू नये, कर्जदाराला धमकावू नये किंवा चारचौघांत त्याचा अपमान करू नये.

ताबा : कागदावरचा आणि दारावरचा

साठ दिवस उलटले, की बँकेचा प्राधिकृत अधिकारी कलम १३(४) खाली ताबा घेतो. हा ताबा पुष्कळदा प्रथम सांकेतिक असतो. दारावर सूचना लावली जाते आणि सात दिवसांच्या आत ती दोन वृत्तपत्रांत छापली जाते. त्यांतील एक स्थानिक भाषेतले हवे. आरंभी सांगितलेली जाहिरात ती हीच. कुटुंब अजून घरातच राहत असते, चूल पेटत असते, मुले शाळेत जात असतात. त्यामुळे काही घडलेच नाही असे वाटू शकते. कायद्याच्या दृष्टीने मात्र घड्याळ सुरू झालेले असते. ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे कलम १७ खाली अर्ज करण्याची ४५ दिवसांची मुदत अशा कारवाईच्या दिवसापासून मोजली जाते. नुसत्या मागणी नोटिशीविरुद्ध तेथे जाता येत नाही.

महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. सिंधुदुर्गातल्या किंवा गडचिरोलीतल्या कर्जदाराला ही अंतरे काय पडतात ते सांगायला नको. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा या विषयात कायद्यानेच बंद केला आहे, आणि उच्च न्यायालयांनी अशा प्रकरणांत सहजासहजी हस्तक्षेप करू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून वारंवार बजावले आहे. अर्ज दाखल केला म्हणजे कारवाई थांबली असेही नव्हे. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती देताना न्यायाधिकरण बहुधा काही रक्कम भरायला सांगते. निकाल विरुद्ध गेला तर अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपिलीय न्यायाधिकरण ती पाव हिश्श्यापर्यंत खाली आणू शकते, त्याहून कमी नाही. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नव्हते त्याने हे पैसे कोठून आणायचे, याचे उत्तर कायद्यात नाही.

प्रत्यक्ष ताबा कुटुंबाने आपणहून दिला नाही, तर बँक जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १४ खाली अर्ज करते. त्यासोबत कर्ज, थकबाकी, नोटीस, हरकतीला दिलेले उत्तर अशा नऊ मुद्द्यांचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. अर्जावर ३० दिवसांत, आणि लांबल्यास एकूण ६० दिवसांत आदेश व्हावा असे कायदा म्हणतो. येथे कर्जदाराला बोलावून त्याची बाजू ऐकली जात नाही. कर्ज खरे की खोटे याचा निवाडा दंडाधिकारी करीत नाहीत, कागद पुरे आहेत की नाहीत एवढेच पाहतात. मग एके दिवशी महसूल खात्याचा अधिकारी किंवा न्यायालयाने नेमलेला वकील आयुक्त पोलीस बंदोबस्तासह दारात येतो. वकिलाला असे नेमता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईच्या एनकेजीएसबी सहकारी बँकेच्या प्रकरणात मान्य केले. पंचनामा होतो, सामानाची यादी केली जाते, कुलूप बदलून मोहोर लावली जाते.

भाडेकरू, शेतजमीन आणि पतसंस्था

घरात मालक नसून भाडेकरू राहत असेल तर काय, हा मुंबईत फार चिघळलेला प्रश्न. जानेवारी २०१६ मध्ये विशाल कलसारिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या खऱ्या भाडेकरूला या कायद्याने सरसकट बाहेर काढता येणार नाही, असे ठरविले. परंतु लगोलग जुन्या तारखांच्या भाडेकरारांचे आणि तोंडी भाडेकरूंचे पेव फुटू शकते, हेही उघड होते. २०१९ च्या बजरंग अगरवाल प्रकरणात न्यायालयाने नोंदणी नसलेल्या आणि तोंडी भाडेपट्ट्यांचे संरक्षण बरेच आवळले. आता भाडेकरूलाही न्यायाधिकरणापुढे जाता येते. पण भाडे गहाणाच्या आधीचे आहे, हे कागदाने सिद्ध करावे लागते.

शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. तथापि सात-बारावर ‘शेती’ असे लिहिले म्हणजे जमीन शेतीची ठरतेच असे नाही. गोव्यातील एका पंचतारांकित हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये, जेथे शेती होतच नाही त्या जमिनीला ही सूट मिळणार नाही, असे ठरविले. मुद्दल व व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या २० टक्क्यांहून कमी येणे उरले असेल तरीही या कायद्याने घर घेता येत नाही. अखेरची दोन-तीन वर्षे राहिलेल्या कर्जदाराने हे ध्यानात ठेवावे.

सहकारी बँकांना हा अधिकार आहे की नाही, हा वाद दीर्घकाळ चालला. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो आहे असा निर्वाळा दिला. पतसंस्था मात्र या कायद्यात येत नाहीत. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेतात, आणि मग वसुली अधिकारी जप्ती आणतो. बँकेतर वित्त कंपन्यांपैकी ज्यांची मालमत्ता किमान १०० कोटींची आहे, त्यांनाच आणि २० लाख किंवा त्याहून मोठ्या कर्जापुरताच हा मार्ग २०२१ पासून खुला आहे.

लिलाव

विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून घराची किंमत काढून राखीव किंमत ठरते. कर्जदाराला ३० दिवसांची विक्रीची नोटीस द्यावी लागते, आणि लिलावाची जाहिरात छापल्यानंतर ३० दिवस गेल्याखेरीज पहिला लिलाव करता येत नाही. तो फसला तर पुढच्या खेपेला १५ दिवस पुरतात. ग्राहक न मिळाल्याने राखीव किंमत खाली येत जाते, आणि तीन-चार खेपांनंतर घर बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीला जाते. कर्जदाराने स्वतःच अधिक भाव देणारा ग्राहक आणून बँकेच्या संमतीने व्यवहार पुरा केला, तर त्याचे नुकसान पुष्कळ वाचते. पण त्यासाठीही उसंत हवी.

ती उसंत २०१६ च्या दुरुस्तीने कमी केली. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत सारी रक्कम भरून घर सोडवता येत असे. आता ती लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याच्या तारखेपूर्वी, खर्चासह, भरावी लागते. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात लिलावातील बोली सुमारे १०५ कोटींची होती आणि कर्जदार १२९ कोटी द्यायला तयार होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला मालमत्ता सोडवू दिली. सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी तो निर्णय फिरविला आणि जाहिरात छापली गेली की तो हक्क संपतो, असे ठरविले. मोठ्या कंपनीच्या प्रकरणातला हा निकाल दोन खोल्यांच्या घरालाही तितकाच लागू आहे. लिलावाच्या आदल्या दिवशी नातेवाईकांकडून उसने पैसे घेऊन बँकेत धावणाऱ्यास बँकेने सवलत दिली तर दिली, हक्काने ती मागता येत नाही.

लिलावात यशस्वी ठरलेल्याने त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी बयाणा धरून २५ टक्के रक्कम भरायची असते. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत भरावी लागते. लेखी ठरल्यास ही मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढते. ती चुकली तर भरलेले पैसे जप्त होतात. जाहिरातीतील ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे’ हे शब्द स्वस्त घराच्या आशेने येणाऱ्याने नीट वाचावेत. गृहनिर्माण संस्थेची थकलेली देणी, मालमत्ता कर, विजेचे जुने बिल, आत राहणारा भाडेकरू हे सारे त्या शब्दांच्या पोटात असते.

विक्रीतून आलेल्या पैशातून आधी कारवाईचा खर्च वजा होतो, मग बँकेचे येणे. समजा, येणे २९ लाख, खर्च एक लाख आणि घर ३८ लाखांना गेले, तर उरलेले आठ लाख मूळ मालकाचे असतात. त्यांवर अन्य कोणाचा बोजा नसेल तर ते त्याला मिळालेच पाहिजेत. घर गेल्याच्या धक्क्यात असलेल्या माणसाला हा हिशेब मागायचे सुचत नाही. तो लेखी मागावा, सोबत खर्चाचा तपशीलही मागावा. उलट, घर २५ लाखांनाच विकले गेले तर उरलेल्या पाच लाखांसाठी बँक न्यायाधिकरणात किंवा न्यायालयात जाऊ शकते. घर गेले म्हणून कर्ज संपत नाही.

कर्ज पूर्ण फेडून ज्याने घर वाचविले, त्याला मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळायला हवीत आणि नोंदवहीतला बोजाही उतरायला हवा. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर १ डिसेंबर २०२३ पासून दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.